लाउटर्नची टेकडी आणि 1998 चं विजेतेपद

मानहाइमहून निघालेली लोकल नॉयश्टाटपर्यंत सपाट मुलखातून, द्राक्षमळ्यांच्या कडेकडेने जाते. नॉयश्टाट सुटलं की दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात आणि बोगदे सुरू होतात. बोगदा, जंगल, लाल दगडाची कड, चिमुकलं स्टेशन, पुन्हा बोगदा. हे फाल्ट्झ प्रांताचं जंगल. ते संपता संपता कैझर्सलाउटर्न येतं. एवढं लांबलचक नाव तिथलं कुणी उच्चारत नाही, सगळे नुसतं ‘लाउटर्न’ म्हणतात. फलाटावर उतरून दक्षिणेकडे पाहिलं की टेकडीवर एक अवाढव्य स्टेडियम दिसतं. खाली जेमतेम लाखभर वस्तीचं गाव आणि डोक्यावर सुमारे पन्नास हजार माणसं मावतील एवढं बांधकाम.

जर्मनीला जाऊन लोक नॉयश्वानश्टाइनचा किल्ला बघतात, बर्लिनची भिंत बघतात, ऱ्हाइनमध्ये बोटीतून फिरतात. माझा भाचा लाउटर्नच्या विद्यापीठात शिकतो, म्हणून मला इथे येण्याचं निमित्त मिळालं. पण निमित्त नसतं तरी आलो असतो. मी कोल्हापूरचा. पाटाकडील विरुद्ध दिलबहार सामन्याला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून घसा बसवून घेतलेल्या माणसाला बुंडेसलीगाचा, म्हणजे जर्मनीच्या अव्वल फुटबॉल लीगचा, 1997-98 चा हंगाम माहीत नसेल तर त्याने फुटबॉलवर बोलू नये, असं माझं आपलं मत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 1963 साली बुंडेसलीगा सुरू झाली. तेव्हापासून आजपर्यंत खालच्या विभागातून वर येऊन पहिल्याच वर्षी थेट विजेता झालेला संघ एकच, एफसी कैझर्सलाउटर्न. त्यानंतर असं कुणालाही जमलेलं नाही.

“मामा, ट्रेनिंग शूज घातलेत ना?” भाच्याने स्टेशनवरच विचारलं. का विचारलं ते पाच मिनिटांत कळलं. स्टेशनच्या मागच्या बाजूला एक गोल चौक आहे, त्यात अकरा खेळाडूंचे पुतळे उभे आहेत. तिथून पुढे नुसती चढण. बेत्सनबेर्ग असं टेकडीचं नाव, लाडाने बेत्से. पायऱ्या, मग उतरत्या छपरांची घरं, मग पुन्हा पायऱ्या. वाटेत प्रत्येक विजेच्या खांबावर लाल स्टिकर. माझा दम निघत होता आणि भाचा आरामात बोलत होता: सामन्याच्या दिवशी या रस्त्याने हजारो माणसं गात गात चढतात आणि पाहुण्या संघाच्या बसलाही याच टेकडीवर यावं लागतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मोठमोठे संघ इथे यायला कुरकुर करायचे ते उगाच नव्हे. प्रेक्षक मैदानाला अगदी खेटून बसतात आणि पश्चिमेकडची उभं राहून सामना बघायची बाजू बोलायला लागली की पंचालाही घाम फुटतो.

दारापाशी पाच पितळी माणसं उभी आहेत. 1954 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बर्नला हंगेरीला 3-2 हरवणाऱ्या पश्चिम जर्मनीच्या अकरा जणांतले पाच या एका गावच्या क्लबचे होते: फ्रिट्झ वाल्टर, त्याचा भाऊ ओटमार, लीब्रिख, एकेल आणि कोलमायर. कर्णधार फ्रिट्झ. 1985 पासून स्टेडियमला त्याचंच नाव आहे. युद्धात मलेरिया झाल्यामुळे त्याला कडक उन्हात खेळणं झेपायचं नाही, पाऊस पडला की मात्र तो फुलायचा. जर्मनीत भुरभुर पावसाला आजही ‘फ्रिट्झ वाल्टरचं हवामान’ म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा नेमका तसाच पाऊस होता आणि मी छत्री भाच्याच्या खोलीवर ठेवून आलो होतो.

सामन्याचा दिवस नव्हता. आम्ही स्टेडियम दाखवण्याच्या फेरीत नाव नोंदवलं होतं. वाटाड्या सत्तरीच्या पुढचा, गळ्यात विटलेला लाल मफलर, बोली अस्सल फाल्ट्झची. भाचा दोन वर्षं जर्मन शिकलाय, तरी तो दर वाक्याला कपाळाला आठ्या घालत होता. एक बरं होतं, फुटबॉलपटूंच्या नावांना भाषांतर लागत नाही.

म्हाताऱ्याने गोष्ट 1997 पासून सुरू केली नाही, 1996 पासून केली. त्याचं बरोबरच होतं. त्या मे महिन्यात लाउटर्न लेव्हरकुझेनला शेवटचा सामना खेळत होतं. जिंकले असते तर वाचले असते. पावेल कुकाने गोल करून पुढे नेलं, पण शेवटच्या दहा मिनिटांत बरोबरी झाली आणि बुंडेसलीगाच्या पहिल्या दिवसापासून असलेला क्लब इतिहासात पहिल्यांदा खाली घसरला. आंद्रेआस ब्रेमे, 1990 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात पेनल्टी मारून जर्मनीला जिंकून देणारा हाच तो, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर लेव्हरकुझेनच्या रुडी फेलरच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. आठवड्याभरात याच संघाने कार्ल्सरुहेला 1-0 हरवून जर्मन चषक जिंकला. खालच्या विभागात घसरलेला चषकविजेता!

मग आला ओटो रेहागेल. खेळाडू असताना तो सहा वर्षं याच टेकडीवर होता. प्रशिक्षक म्हणून ब्रेमेनला चौदा वर्षं राज्य केलं, मग बायर्न म्युनिकला गेला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, 1996 च्या एप्रिलमध्ये, बायर्नने त्याला घरी पाठवलं. लाउटर्नला त्याने एका वर्षात दुसऱ्या विभागाचं अजिंक्यपद मिळवून दिलं. वर येताना सोबत वोल्फ्सबुर्ग आणि हेर्था बर्लिन हे दोन संघ होते. वोल्फ्सबुर्गचं नाव लक्षात ठेवा.

2 ऑगस्ट 1997. हंगामाचा पहिला दिवस, म्युनिकचं ऑलिम्पिक स्टेडियम. समोर गतविजेता बायर्न. म्हणजे रेहागेलला हाकलणाऱ्यांच्याच अंगणात. सामना संपायला दहाएक मिनिटं असताना डॅनिश बचावपटू श्योनबेर्गने हेडर मारला, 1-0. इथे म्हाताऱ्याने हाताने चेंडूची कमान काढून दाखवली आणि स्वतःचं टक्कल पुढे केलं. आमच्या गटातले दोन अमेरिकन हसले. (लाउटर्नच्या आसपास अमेरिकी सैन्याचे मोठे तळ आहेत, रामश्टाइन तर शेजारीच. गावाला ते के-टाउन म्हणतात. सैनिकांची पोरंही आता लाल मफलर घालून फिरतात.)

या हंगामाला सगळे ‘परीकथा’ म्हणतात, आणि माझा वाद तिथेच आहे. संग्रहालयाच्या खोलीत त्या वर्षीच्या संघाचा फोटो मी बराच वेळ बघत उभा होतो. लाल जर्सी, छातीवर बटाट्याच्या वेफर्सची जाहिरात, ‘क्रंचिप्स’. चेहरे बघा. मधल्या फळीत सिरियाको स्फोर्झा, इंटर मिलानहून परत आणलेला. मागे चेक संघाचा अनुभवी मिरोस्लाव कडलेच. पुढे ओलाफ मार्शाल, ज्याने त्या हंगामात 21 गोल केले. उजव्या बाजूला ब्राझीलचा रातिन्यो, डावीकडे मार्टिन वागनर, गोलमध्ये राइंके. कडेला केमनिट्सहून आलेला एकवीस वर्षांचा पोरगा, मिखाएल बालाक, ज्याला तेव्हा जर्मनीत फारसं कुणी ओळखत नव्हतं. आणि सदतिशीतला ब्रेमे, जो खाली घसरल्यावर पळून गेला नव्हता. हा काही गल्लीतल्या पोरांचा संघ नव्हता. घसरण झाली तेव्हा क्लबने दुकान मोडलं नाही, माणसं धरून ठेवली, हे त्या विजेतेपदाचं खरं कारण. चमत्कार म्हटलं की या मेहनतीचा हिशोब मांडायला नको, एवढंच.

नशिबाची साथ नव्हतीच असं नाही. बायर्न त्या वर्षी आतून पोखरलेला होता. मार्चमध्ये त्यांचे इटालियन प्रशिक्षक त्रापात्तोनी पत्रकार परिषदेत मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये आपल्याच खेळाडूंवर असे काही बरसले, की ती तीन मिनिटं जर्मनीत आजही पोरंसोरं पाठ म्हणून दाखवतात. भाच्याच्या वसतिगृहातला एक मुलगा जन्मलेलाही नव्हता तेव्हा, त्याने आम्हाला हातवाऱ्यांसकट करून दाखवलं.

पण लाउटर्न हंगामाच्या चौथ्या फेरीपासून पहिल्या नंबरवर होतं आणि तिथून हललंच नाही. डिसेंबरमध्ये बायर्न टेकडीवर आला तेव्हा त्यालाही 2-0. म्हणजे गतविजेत्याला दोन्हीकडे हरवलं. 2 मे 1998 ला, एक फेरी शिल्लक असताना, घरच्या मैदानावर 4-0 असा विजय. समोर कोण? वोल्फ्सबुर्ग, वर येताना सोबत असलेलं. तिकडे ड्युसबुर्गला बायर्न 0-0 अडकला आणि हिशोब मिटला. शेवटी लाउटर्न 68 गुण, बायर्न 66. चौतीस सामन्यांत फक्त चार पराभव.

“तुम्ही होतात त्या दिवशी?” मी विचारलं. भाच्याने भाषांतर केलं. म्हाताऱ्याने बोट पश्चिमेकडच्या स्टँडकडे केलं, खालून मोजत एका कठड्यावर थांबवलं. तिथे. बायको, भाऊ, मेहुणा. तो पाफच्या कारखान्यात होता. पाफ म्हणजे शिवणयंत्रं, इथलीच, 1862 पासूनची. कारखान्याची जागा आता गावाच्या पश्चिमेला नव्याने विकसित होते आहे. “सोमवारी कामावर कुणी नव्हतं का?” असं विचारल्यावर त्याने फाल्ट्झच्या बोलीत काहीतरी म्हटलं, ज्याचं भाषांतर करायला भाचा तयार झाला नाही.

खेळाडू जिथून मैदानात येतात त्या बोळातून आम्हाला बाहेर नेलं. ओल्या गवताचा वास, वर कड्यासारखे उंच गेलेले स्टँड. ही सगळी उंची 1998 ची नाही. बरीचशी 2006 च्या विश्वचषकासाठी चढवलेली आहे, आणि गोष्टीचा दुसरा भाग तिथून सुरू होतो, जो परीकथा सांगणारे वगळतात.

विजेतेपदानंतरच्या हंगामात लाउटर्न युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलं, तिथे बायर्ननेच दोन्ही सामन्यांत मिळून 6-0 असा जुना हिशोब चुकता केला. मग महागडे खेळाडू, स्टेडियम वाढवण्याचा खर्च, कर्ज. 2003 पर्यंत क्लब दिवाळखोरीच्या काठावर आला आणि स्वतःचं स्टेडियम विकावं लागलं. ते शहर आणि राज्याच्या मदतीने उभ्या केलेल्या कंपनीकडे गेलं, क्लब तिथे भाडेकरू झाला. 2006 च्या मे महिन्यात, विश्वचषक जेमतेम महिन्यावर असताना, लाउटर्न पुन्हा खाली घसरलं. शेवटचा सामना 2-2, कुणाविरुद्ध ते सांगायला नको: वोल्फ्सबुर्ग. जूनमध्ये या नव्या कोऱ्या स्टेडियमवर विश्वचषकाचे पाच सामने झाले, इटली, स्पेन, ऑस्ट्रेलिया खेळून गेले, आणि ऑगस्टमध्ये मालकाच्या घरात भाडेकरू दुसऱ्या विभागाचा हंगाम खेळू लागला. 2018 ला तर तिसऱ्या विभागात, 2020 ला दिवाळखोरीचा अर्ज. 2022 ला दुसऱ्या विभागात परत. 2024 ला दुसऱ्या विभागात असतानाच जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत धडक, लेव्हरकुझेनकडून 0-1. आमच्या म्हाताऱ्याला त्या पराभवाचं वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही. बर्लिनला जाऊन आला म्हणाला, खूप गायलो.

रेहागेलने पुढे 2004 साली ग्रीसला युरोपचा विजेता केलं. आधी दुबळ्यांना उचलायचं आणि मग बलाढ्यांना घाम फोडायचा, ही त्याची सवय तोवर जगाला कळली. त्याच्या ग्रीसचा खेळ बघवत नव्हता, हेही सांगायला पाहिजे. लाउटर्नचा 98 चा संघ मात्र बघण्यासारखा होता. जुनं चित्रण मिळालं तर बघा. मार्शालचे हेडर, वागनरचे डाव्या पायाचे फटके.

खाली उतरून आम्ही जेवायला गेलो. फाल्ट्झमध्ये आलात तर ‘झाउमागेन’ चुकवू नका, असं सगळे बजावतात: डुकराच्या जठराच्या पिशवीत मांस आणि बटाटा भरून शिजवायचं, काप करून तव्यावर परतायचं. जर्मनीचे माजी चान्सेलर हेल्मुट कोल याच प्रांतातले, ते परदेशी पाहुण्यांनाही हे खाऊ घालायचे. भाचा शाकाहारी, त्याने गरम वाफवलेला गोड पाव घेतला. मी झाउमागेन खाल्लं. कडा कुरकुरीत, आत मिरीचा ठसका, तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या जिभेलाही चालेल असं. सोबत वाइन आणि सोडा, अर्धा लिटरच्या जाड ग्लासात. ग्लासाला बाहेरून बोटं बसतील एवढे गोल खळगे असतात, हात ओले असले तरी निसटू नये म्हणून.

शेजारच्या टेबलावर चौघे जण तावातावाने भांडत होते. भाच्याने कान देऊन सांगितलं, पुढच्या शनिवारी डावा बचावपटू कोण खेळवायचा यावरून. शिवाजी पेठेत चहाच्या टपरीवर बसल्यागत वाटलं.

कुणाला जायचं असेल तर: फ्रँकफुर्ट विमानतळावरून मानहाइमला गाडी बदलून लाउटर्न सहज दिवसभरात करता येतं, पॅरिसला जाणाऱ्या काही जलद गाड्याही इथे थांबतात. जर्मनीतले बरेच मराठी लोक मानहाइम-वाल्डॉर्फ पट्ट्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यांच्यासाठी तर हे घराशेजारी. स्टेडियमची फेरी आधी नोंदवा, ती रोज नसते. शक्य असेल तर सामन्याचंच तिकीट काढा आणि पश्चिमेच्या उभ्या बाजूचं मिळालं तर बसायच्या जागेचा हट्ट धरू नका. चढताना घाई करू नका. आणि छत्री न्या.