आधी पेटी मोजली, मग पेडल घेतलं

मागच्या दिवाळी पहाटेला कोथरूडमध्ये आमच्या सोसायटीच्या बागेत साडेपाचला कार्यक्रम सुरू झाला. अभंग, भावगीतं, शेवटी एक-दोन नाट्यपदं. साथीला तबला, पेटी, टाळ आणि माझा चार तारांचा बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार. घरातून निघताना मी फोनवरच्या सूर दाखवणाऱ्या ॲपने तारा नीट लावल्या होत्या. बागेत थंडी होती. दुसऱ्या अभंगापर्यंत तारा चढल्या; पोलादी तार गारठली की आखडते आणि सूर वर जातो. मग वरचे हॅलोजन तापले आणि त्याच तारा हळूहळू उतरायला लागल्या. दोन गाण्यांच्या मधे निवेदक बोलत असताना मी फोन बेसजवळ धरून तार छेडायचे, पण ॲपला निवेदकाचा आवाज, तबला जुळवतानाची टकटक आणि मागच्या रांगेतल्या गप्पा सगळंच ऐकू येत होतं. काटा एका जागी थांबेना. शिवाय मी छेडलेली प्रत्येक तार स्पीकरमधून अख्ख्या बागेला ऐकू जात होती, ते वेगळंच.

कार्यक्रम संपल्यावर पेटीवाले काका जवळ आले आणि हळूच म्हणाले, "अगं, तुझा षड्ज सुरुवातीपासूनच जरा खाली बोलत होता." रागावून नाही, काळजीनेच म्हणाले. मला ते फार लागलं. बेस हा पाया असतो. गायकाला तो वेगळा ऐकू येत नाही, पण तो खाली असला की गायकाला आपलाच सूर चुकतोय असं वाटत राहतं. त्या दिवशी ज्या ताई गात होत्या, त्यांनी दोनदा कानाला हात लावून पाहिला होता. त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

घरी आल्यावर मी ठरवलं की ट्यूनर पेडल घ्यायचं, म्हणजे पायाशी ठेवायचं, तार सुरात आहे का ते दाखवणारं यंत्र. बजेट अडीच हजार, अ‍ॅडॉप्टर धरून. पण काकांचा "सुरुवातीपासूनच" हा शब्द डोक्यातून जाईना. सुरुवातीला तर ॲप हिरवं दाखवत होतं. मग खाली कसा?

पुढच्या तालमीला मी काकांना म्हटलं, "काका, आज आधी तुमची पेटी मोजू या." त्यांची पेटी दुहेरी सुरांची (सूर म्हणजे आतल्या पितळी पात्या, इथे त्यांच्या दोन ओळी), जुनी, त्यांच्या वडिलांपासूनची. एकाच ओळीचे सूर चालू ठेवायला सांगितले, भाता एकसारखा ठेवायला सांगितला (भाता जोरात पडला की सूर किंचित उतरतो) आणि खोलीत पूर्ण शांतता करून फोन समोर धरला. पांढरी सहा, म्हणजे ए. ॲपने दाखवलं: १२ सेंट वर. मग पांढरी एक, पांढरी चार, काळी दोन असं करत दहा-बारा सूर घेतले. कुठे ९, कुठे १४, पण सगळे वर. एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरतात. ॲप या एला ४४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं धरतं; त्याजागी ४४३ धरलं, तर फरक पडतो जवळपास १२ सेंट. म्हणजे काकांची पेटी ४४३च्या आसपास होती आणि माझा बेस ॲपच्या सांगण्याप्रमाणे ४४०वर. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि एकत्र आलो की बेसूर.

४४० हा आकडा काही निसर्गाने दिलेला नाही. १९३९ साली लंडनच्या परिषदेत तो ठरला आणि पुढे आयएसओने मान्य केला. गिटारचे ट्यूनर, आपण बदललं नाही तर, त्याच आकड्यावर असतात. पेटीच्या सुराला मात्र ते ठाऊक नसतं. तो एकदा घासून लावला की लागला. पहाटे साडेपाचला बागेत बसून कुणी पेटी जुळवू शकत नाही. खुंट्या माझ्याकडे आहेत, तेव्हा जायचं मीच पेटीकडे. हे कळल्यावर पेडल निवडताना नेमकं काय बघायचं, त्याचा क्रमच बदलला.

तोपर्यंत मी अचूकतेच्या आकड्यांमध्ये अडकले होते. कुणी ±१ सेंट लिहितं, कुणी ±०.१, महागड्या स्ट्रोब ट्यूनरवर त्याहूनही बारीक. पण बेसच्या सगळ्यात जाड ई तारेची कंपनं आहेत सेकंदाला ४१.२. तिथे एक सेंट म्हणजे हर्ट्झचा जेमतेम चाळिसावा भाग. तार जरा जोरात छेडली तर सुरुवातीला ती त्याहून कितीतरी जास्त वर जाते आणि मग खाली येऊन स्थिरावते. आमच्यासारख्यांच्या मंचावर ±१ सेंट पुरेसा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. बारा सेंटची चूक करून बसलेल्या माणसाने ०.१ साठी तिप्पट पैसे घालू नयेत.

क्लिपवाला ट्यूनर घे, असं दोघातिघांनी सुचवलं. तो स्वस्त पडतो, गिटारला छान चालतो आणि घरी सरावाला मीही वापरते. पण तो हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाच्या, थरथरीवर चालतो. बेसच्या खालच्या तारांची थरथर तिथपर्यंत अशक्त होऊन पोचते आणि शेजारी तबला किंवा मोठा स्पीकर चालू असला की त्यांचीही थरथर लाकडात येते. शिवाय त्याने आवाज बंद होत नाही. पेडलचा खरा उपयोग इथे आहे: जॅकमधून फक्त माझा बेस त्याच्याकडे जातो, बाहेरचा गोंगाट जात नाही, आणि पायाने दाबलं की स्पीकरकडे जाणारा आवाज पूर्ण थांबतो.

मोठ्या कंपन्यांची पेडल्स मी ऐकून आणि हाताळून होते. बॉसचं टीयू-२ १९९८मध्ये आलं आणि नंतरचं टीयू-३ आजही बऱ्याच वादकांच्या पायाशी दिसतं. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या पॉलीट्यूनला सगळ्या तारा एकदम छेडल्या तरी कुठली उतरली ते कळतं. दोन्ही उत्तम, दोन्ही माझ्या बजेटबाहेर. उरली ती छोटी, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी मिनी पेडल्स. त्यांची नावं नि बाहेरचे रंग इतक्या भराभर बदलतात की मी घेतलेल्या मॉडेलचं नाव सांगून कुणाला फायदा नाही. दुकानात काय तपासलं, ते सांगते.

स्वतःचा बेस आणि स्वतःची केबल घेऊन गेले. दुकानातल्या दादांना आधी जरा नवल वाटलं, कारण लोक ट्यूनर डबा बघूनच घेतात, पण त्यांनी चारही पेडल्स काउंटरवर मांडली. पहिल्यांदा ई तार, हळू, अंगठ्याने. एका पेडलवर ई दिसायच्या आधी मधेच बी यायचा, परत ई, परत बी. हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. जाड तारेत मूळ कंपनापेक्षा तिच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वर बऱ्याचदा जास्त जोरात असतात, आणि ईचा तिसरा उपस्वर बीच असतो. शिवाय ४१ हर्ट्झचं एक आवर्तन पूर्ण व्हायलाच सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. ट्यूनरला खात्री करायला अशी अनेक आवर्तनं हवीत. कमी प्रतीचा ट्यूनर इथेच गोंधळतो. ते पेडल बाजूला ठेवलं. पाच तारांचा बेस असेल तर खालची बी तार ३०.८७ हर्ट्झची असते, ती तर आवर्जून छेडून पाहाच. डब्यावर "बेससाठी चालतो" लिहिलंय म्हणून घेऊ नका.

दुसरं, पेडल हातात धरून दुकानाच्या दारात उन्हात गेले. दिवाळी पहाट अंधारात सुरू होते आणि उन्हात संपते. एका पेडलचे दिवे आत सुंदर दिसत होते आणि बाहेर नुसती काळी काच. तेही गेलं.

तिसरं आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, ४४०चा आकडा बदलता येतो का. उरलेल्या दोनपैकी एकावर ती सोयच नव्हती. दुसऱ्यावर बाजूला बारीक बटण होतं. दाबलं की ४४१, ४४२, ४४३. बंद करून परत चालू केलं, तरी ४४३ तसंच राहिलं. मी तिथेच ते घेतलं, एकवीसशे रुपयांना.

बायपासबद्दल लोक तावातावाने बोलतात, म्हणून थोडक्यात. माझ्या पेडलमध्ये ट्रू बायपास आहे, म्हणजे ट्यूनर बंद असताना बेसचा आवाज यांत्रिक स्विचमधून सरळ पलीकडे जातो. बफर, म्हणजे आवाज अशक्त होऊ न देणारं विजेवरचं सर्किट, असलेलं पेडल लांब केबलींना आणि बऱ्याच पेडल्सच्या रांगेला फायद्याचं, पण त्याची वीज गेली की आवाजही जातो. माझं एकच पेडल, सहा मीटरची केबल, आणि आमच्या मंचावर एक्स्टेन्शन बोर्ड कुणाच्या ना कुणाच्या पायात येतोच. अ‍ॅडॉप्टर निघाला तरी बेस वाजत राहायला हवा, म्हणून मला ट्रू बायपास हवा होता.

अ‍ॅडॉप्टरवर मात्र मी लांबण लावणार आहे, कारण इथे पेडल जळतात. मिनी पेडलमध्ये ९ व्होल्टची बॅटरी बसायला जागाच नसते, बाहेरूनच वीज द्यावी लागते. पिन सहसा ५.५ बाय २.१ मिलिमीटरची आणि आतला ध्रुव ऋण. की-बोर्डच्या कित्येक अ‍ॅडॉप्टरची पिन अगदी अशीच बसते, पण तो १२ व्होल्टचा आणि आतला ध्रुव धन असू शकतो. पहिल्याच तालमीला मी घाईत सिंथेसायझरचा अ‍ॅडॉप्टर उचलला होता; आमच्या साउंडवाल्या दादाने माझा हात धरून थांबवलं आणि अ‍ॅडॉप्टरवरचं गोल चिन्ह दाखवलं. मधल्या टिंबाला जोडलेली खूण वजा पाहिजे. नंतर तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, जाऊन ९ व्होल्टचा, मधला ध्रुव वजा असलेला अ‍ॅडॉप्टर घेतला, तिथल्याच मीटरवर मोजून. सगळ्यात स्वस्त होता, त्याने स्पीकरमध्ये सतत घुंई येत होती. दुसऱ्या दिवशी तो परत करून शंभर रुपये जास्त देऊन चांगला आणला. सगळं मिळून बजेटच्या आतच राहिले.

आता लावण्याची पद्धतही बदलली आहे. टोनचा नॉब पूर्ण बंद करते, म्हणजे उपस्वर कमी होतात. गळ्याजवळचा पिकअप (तारेची थरथर टिपणारा चुंबकी भाग) चालू ठेवते. ई तार तरीही डळमळली तर बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून छेडते. तिथे तोच सूर एका सप्तकाने वर, ८२.४ हर्ट्झवर मिळतो आणि पेडल तो लगेच धरतं. तार चढली असेल तर आधी सुराच्या खाली उतरवून मग वर आणते. वरून खाली आणून थांबवली, तर खुंटीतला ढिलेपणा पुढच्या गाण्यात बाहेर येतो.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात पेडल पहिल्यांदा मंचावर आलं. निवेदन चालू असताना पाय ठेवला, दिवे लागले, बाग शांत. अर्ध्या मिनिटात चारही तारा झाल्या. पण त्या दिवशी आमच्यासोबत सिंथेसायझरही होता, आणि तो अर्थातच ४४०वर. पहिल्या गाण्याच्या आधीच काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाजवणाऱ्या मुलाला म्हटलं, "अरे, तुझ्या सेटिंगमध्ये मास्टर ट्यूनिंग असेल बघ." त्याला ते शोधायला दोन मिनिटं लागली. ४४३ केलं, काकांनी पांढरी सहा दाबून धरली, त्याने तीच पट्टी दाबली, मी ए तार छेडली. आधी ऐकू येणारी लाट हळूहळू विरली आणि तिन्ही सूर एकमेकांत बसले. काकांनी भाता थांबवला नाही, सरळ पहिल्या अभंगाचा सूर धरला.

पेडलच्या पाठीवर मी आता पांढरी पट्टी चिकटवून त्यावर मार्करने "काका – ४४३" लिहिलंय. कॉलेजच्या मुलांच्या बँडबरोबर वाजवते तेव्हा ते परत ४४०वर न्यावं लागतं. काकांची पेटी मेमध्ये दुरुस्तीला जाणार आहे. परत आली की पुन्हा मोजायची आहे.