आम्ही दारात भेटतो

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला आणि मला आधी आठवली ती आमच्या इंग्रजीच्या बाईंनी घालायला लावलेली शंभर पानी वही. आठवीच्या वर्गात रोज घरातल्या माणसांबद्दल एक वाक्य इंग्रजीत लिहून आणायचं आणि उभं राहून वाचायचं. अट एकच, वाक्य खरं हवं.

त्या अटीची आम्हाला सवय नव्हती. सातवीपर्यंत ‘माय फॅमिली’ हा निबंध आम्ही गाइडमधून पाठ केलेला. त्यात सगळ्यांचे वडील पहाटे उठायचे आणि सगळ्यांची आई प्रेमळ असायची. एकत्र कुटुंबात, 14 माणसांच्या घरात राहणारी माझी मैत्रीणसुद्धा ‘देअर आर फोर मेंबर्स इन माय फॅमिली’ असंच लिहायची आणि तिला पूर्ण गुण मिळायचे.

रोजच्या सवयी सांगायला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ पुरतो. पण ‘शी’ किंवा ‘ही’ आलं की क्रियापदाला ‘एस’ लागतो, तो आम्ही हमखास विसरायचो, आणि आठवला की ‘डझ शी वर्क्स’ असा दोनदा लावायचो. ‘डझनं तो आधीच घेतलाय, आता वर्ककडे मागू नका,’ असं बाई म्हणायच्या. वडिलांच्या बाबतीत माझी वेगळीच अडचण होती. डोक्यात ‘वडील कामाला जातात’ असं आदराचं अनेकवचन असायचं, त्यामुळे तोंडून ‘माय फादर गो’ निघायचं. वडिलांना ‘ही’ म्हणणं म्हणजे एकेरीवर येणं, असं वाटून जीभ अडायची. बाईंनी ते ओळखलं. इंग्रजीत आदर क्रियापदात नसतो, बोलण्याच्या सुरात असतो, एवढं सांगून त्यांनी मला तेच वाक्य दहा वेळा म्हणायला लावलं. आणि तो ‘एस’ तरी एकसारखा कुठे? ‘वर्क्स’मध्ये स, ‘कम्झ’मध्ये झ आणि ‘वॉशिझ’मध्ये चक्क इझ. लिहिताना अक्षर तेच, उच्चार मात्र तीन.

नात्यांचा पाठ आला तेव्हा तर वर्गात तक्रारच सुरू झाली. काका अंकल, मामा अंकल, मावशीचे यजमानही अंकल. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी, सगळ्या मिळून एकच ‘सिस्टर-इन-लॉ’. नेमकं कोण ते सांगायचं असेल तर ‘माय मदर्स ब्रदर’ म्हणा, असं बाईंनी शिकवलं. ‘कझिन ब्रदर’ मात्र त्या चालू द्यायच्या नाहीत, नुसतं ‘कझिन’ पुरे. पुढे मला शब्दांच्या व्युत्पत्तीचा नाद लागला, तेव्हा कळलं की जुन्या इंग्रजीत मामाला आणि काकाला वेगवेगळे शब्द होते. 1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्द आले आणि ते जुने शब्द हळूहळू मागे पडले. ‘अंकल’चा मूळ लॅटिन शब्द फक्त मामासाठी होता आणि ‘आंट’चा फक्त आत्यासाठी. हे बाईंना सांगायचं राहून गेलं, याची मला खरोखर खंत आहे.

पण मला सांगायचं आहे ते एका वाक्याबद्दल. वारंवारतेचे शब्द शिकवून झाले होते. ऑल्वेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, नेव्हर. ‘ही इज ऑफन लेट’मध्ये ‘ऑफन’ क्रियापदाच्या नंतर येतो आणि ‘ही ऑफन कम्स लेट’मध्ये आधी. मी ते बरोबर जमवून लिहिलं, ‘माय फादर ऑफन हेल्प्स मी विथ माय होमवर्क’. वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, ‘ऑफन म्हणजे आठवड्यातून किती दिवस?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वडिलांची कायमची रात्रपाळी होती. मी शाळेला निघायचे तेव्हा ते दारात चपला काढत असायचे. माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि आत जायचे. मी परत यायचे तेव्हा त्यांची निघायची घाई असायची. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मग हेच लिही ना.’ मी लिहिलं, ‘माय फादर वर्क्स ॲट नाइट. वी मीट ॲट द डोअर.’ वर्गात कुणी हसलं नाही.

आज मी परिचारिका आहे. मराठी न येणाऱ्या रुग्णांशी इंग्रजीतच बोलावं लागतं आणि ते बोलणं बहुतेक सवयींबद्दलच असतं. कधी उठता, झोप किती वेळा मोडते, घरी सोबत कोण असतं. रुग्ण ‘समटाइम्स’ म्हणाला की मी विचारते, आठवड्यातून किती रात्री? तेव्हा माझ्या तोंडून बाईच बोलत असतात.

त्या दिवशी ते वाक्य मी वडिलांना वाचून दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. अर्थ सांगितला, तेव्हा ते वहीकडे बराच वेळ बघत राहिले. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते झोपले नाहीत. मी गणितं सोडवत होते तिथे भिंतीला टेकून बसले आणि पेन्सिलीला टोक करून देत राहिले. नंतरच्या सुट्टीलाही बसले. मग मी वहीत ‘माय फादर समटाइम्स सिट्स विथ मी’ असं लिहिलं आणि त्यांना समजावलं, की हा शब्द कधीकधीसाठी, आणि ‘ऑफन’ त्याच्या वरचा.

त्यांनी विचारलं, ‘तो वरचा लिहायला अजून किती दिवस बसावं लागेल?’