आबाजीची विलीज, भाग 4: हेडचे स्टड बसले, एक सोडून
राजेहो, मागच्या वेळी आबाजीच्या विलीज जीपच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेलं मुख्य धड, धुवून ठेवला इथपर्यंत सांगितलं होतं, मग सोयाबीन निघालं, पाठोपाठ कापसाची वेचणी, दीड महिना शेडकडे फिरकलो नाही. या आठवड्यात हेडचे स्टड घेतले एकदाचे.

नवीन मंडळींसाठी: गाडी साईड व्हॉल्व्हवाली विलीज, 2199 सीसी. उंच बॉनेटवाली सीजे-3बी नाही, तिच्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात. आपले सगळे ब्लॉकमध्ये, म्हणून हेड म्हणजे नुसतं लोखंडी झाकण. पण कॉम्प्रेशन अन् पाणी दोन्ही त्या झाकणालाच अडवायचं असतं, आणि झाकण दाबून धरतात ते हे स्टड, दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे.

आता आमचं दर्यापूरकडचं गाव म्हणजे पक्का खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारट. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं विहिरीचंच पाणी पडलं. या इंजिनात स्टडची खालची टोकं पाण्याच्या जॅकेटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीत निघतात, त्यामुळे जुने स्टड बाहेर काढले तर कंबरेत पेन्सिलीएवढे बारीक झालेले! दोन नट एकमेकांवर आवळून बहुतेक निघाले. अडलेल्यांना गॅसनं गरम करून मेणबत्ती टेकवली, मेण आट्यांत उतरलं की हलतात. एक मात्र कट्टकन तुटला, ब्लॉकच्या बरोबरीत. रात्री लाईन आल्यावर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारलं, तिसऱ्या खेपेला निघाला, पण येताना भोकातले आटे घेऊनच आला.

बाकीच्या भोकांत नवीन टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवला नाही, टॅप गंजासोबत चांगलं लोखंडही खरवडतो. एका जुन्या स्टडच्या चांगल्या टोकाला हॅक्सॉनं तीन उभ्या चिरा पाडल्या आणि तोच डिझेल लावून हातानं आतबाहेर केला. चिरांमध्ये लाल चिखल भरून यायचा, पुसायचा, परत घालायचा, दोन संध्याकाळी यातच गेल्या.

मग नवीन स्टड. जाड आट्यांची बाजू ब्लॉकमध्ये, बारीक आट्यांची वर, हे उलटं करू नका. सगळे लावून पट्टी आडवी ठेवली तर मधल्या रांगेतला एक चारेक मिलिमीटर उंच. मिस्तरीकाका बाजूलाच चहा पीत होते, म्हणे, "अबे पाईपपान्यानं कस ना त्याले, जाते खाली." मी कसला नाही, काढला. भोकात तार घातली तर बुडाशी खारीची खपली घट्ट बसलेली आणि तिच्यावर ब्लॉक धुतला तेव्हाचं पाणी. पाणी काही दाबलं जात नाही, वरून जोर केला असता तर ब्लॉकचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकलं असतं आणि ब्लॉक गेला असता भंगारात. तुराटीला घरचाच कापूस गुंडाळून पाणी टिपलं, खपली तारेनं फोडली, कापसाचे तंतू हवेनं उडवले, स्टड गुपचूप खाली गेला.

काकांचं आणि माझं अजूनही यावर जमत नाही. त्यांचं म्हणणं, ढिला स्टड ठेवतं का कोणी? मी म्हणतो, स्टड हातानं बसेल तेवढाच, ताण यायचा तो नट आवळताना येतो. आधीच तळाशी कचकचून बसवला तर ओढ आट्यांवर आणि ब्लॉकवर येते, आणि पुढच्या वेळी काढताना परत तेच कट्टकन. बाकी आट्यांना सीलंट सगळ्यांनाच लावलं, कारण खाली पाणी आहे, नाही तर ते आट्याआट्यांनी चढून नटाखालून पाझरतं.

नट आवळायचा जोर 60 ते 65 फूट-पाउंड. माझा टॉर्क रेंच न्यूटन-मीटरवाला, म्हणजे 81 ते 88. एका दमात नाही, तीन टप्प्यांत, मधून सुरू करून बाहेर बाहेर जायचं. पण ते अजून व्हायचंय, कारण आटे गेलेल्या भोकाला बुश, म्हणजे नवीन आट्यांची नळी, बसवावा लागणार आणि अकोल्याचा लेथवाला तीन आठवडे झाले "सोमवारी या" म्हणतोय.

तोवर ब्लॉकवर गादीची जुनी खोळ टाकून ठेवली आहे. पोट्टे बॉल आणायला शेडमध्ये घुसतात. काल दोन नंबरच्या सिलिंडरमधून एक हिरवं बोर निघालं, अर्धं खाल्लेलं.