तुम्ही विचारलंत म्हणून: मोठी अ‍ॅडव्हेंचर बाईक मी का घेतली नाही

"एवढी फिरतेस, मग अजून त्या दोनशे सीसीवरच का? मोठी कधी घेतेयस?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच नीट लिहून टाकते. आत्तापर्यंत मी उत्तर द्यायचे, "वजनामुळे." ते ऐकलं की समोरचा लगेच मान डोलावतो, "हो ना, बायकांना जडच जाते ती," आणि त्याच्यापुरता विषय संपतो. मला मात्र दर वेळी वाटतं की मी काहीतरी सांगितलं आणि यांनी भलतंच ऐकलं.

आधी ज्या कारणांमुळे नाही ती सांगते. पैसे नव्हते म्हणून नाही, पैसे बाजूला काढून ठेवले होते आणि मॉडेलही जवळजवळ ठरलेलं होतं. उंचीमुळेही नाही. माझ्या दोनशे सीसीची, म्हणजे हीरोच्या एक्सपल्स २०० ४व्हीची, सीट ८२५ मिलिमीटरवर आहे आणि बीएमडब्ल्यूच्या आर १२५० जीएसची सगळ्यात खालच्या सेटिंगला ८५०, म्हणजे फरक जेमतेम बोटाच्या रुंदीएवढा, तरी "पाय पुरत नाहीत का?" हा प्रश्न ठरलेलाच. आणि मला मोठ्या गाड्या आवडत नाहीत असंही नाही, फार आवडतात, अजूनही सिग्नलला शेजारी एखादी येऊन थांबली की मी टाकीपासून मागच्या रॅकपर्यंत बघून घेते.

फरक आहे तो किलोंमध्ये. ती १२५० पूर्ण टाकीसकट २४९ किलो, तिचीच अ‍ॅडव्हेंचर नावाची मोठी बहीण २६८. त्या बहिणीची टाकी ३० लिटरची, पेट्रोल लिटरला पाऊण किलो धरलं तरी नुसतं पेट्रोलच बावीस किलोच्या वर. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पॅनिअर, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लावायच्या पेट्या, त्यात सामान. माझी गाडी १६० किलोच्या आसपास. चालती असताना मोठ्या गाडीचं वजन खरंच जाणवत नाही, चालवणारे सगळे हेच सांगतात आणि ते अगदी खरं आहे. माझा प्रश्न गाडी थांबली की सुरू होतो.

आता ते एकदाचं सांगते, कारण अर्ध्या लोकांना अर्धंच माहितीये आणि उरलेल्यांनी कुणाच्या तरी तोंडून ऐकलंय की ही एकदा पडली आणि घाबरली.

विकत घ्यायच्या आधी मोठी गाडी नीट चालवून बघायची म्हणून भाड्यानं घेतली होती. कुठली ते सांगत नाही, गाडीचा काहीच दोष नव्हता. ग्रुप पुढे गेला होता, मी मागे राहिले कारण मला माझ्या वेगानं जायचं होतं. डोंगरातला कच्चा रस्ता, सुटी खडी, आणि चढावरचं एक तीव्र वळण. वळणात शिरताना वेग कमी पडला, इंजिन बंद पडलं. मी पुढचा ब्रेक धरून ठेवला, पण चढावर सगळा भार मागच्या चाकावर असतो, पुढच्याला पकडच राहत नाही, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाच गाडी खडीवरून मागे घसरायला लागली. डावा पाय खाली टाकला तर ती उताराची बाजू, जिथे जमीन असायला हवी होती तिथे ती वीतभर खाली होती. बस्स, तेवढंच. वेग शून्य होता. गाडी माझ्याकडे कलली, एका ठराविक कोनापर्यंत मी ती पेलली, आणि त्या कोनाच्या पुढे कुणालाच पेलता येत नाही.

गाडी आडवी झाली आणि माझा डावा बूट पॅनिअर आणि जमीन यांच्या मध्ये अडकला. इंजिन बंदच होतं, तरी पेट्रोलचा वास यायला लागला होता, टाकीच्या झाकणापासून एक बारीक ओघळ खडीत जिरत होता. पाय ओढून बघितला, निघेना. मग मी बसल्या बसल्या हातानं बुटाखालची खडी उकरायला सुरुवात केली, म्हटलं खाली जागा झाली की पाय मोकळा होईल. थोडी खडी काढली तसा पाय जरा सैल झाला आणि मला बरं वाटलं, आणि मग पॅनिअरच्या कडेखालची खडी सरकली, गाडी अजून खाली बसली, आणि जी काय जागा मी केली होती ती तिनं घेतली. परत उकरलं, परत तेच. प्रत्येक मुठीबरोबर ती खाली येत होती. तेव्हा मी हात थांबवला. तिथे शांत बसून विचार करणं हे मी आयुष्यात केलेल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक आहे, कारण अंगातला कणन् कण म्हणत होता की ओढ, जोरात ओढ. शेवटी बुटाची वरची दोन बकलं हाताला लागली, तिसरं बोटांच्या टोकानं उघडलं, आणि बूट तिथेच ठेवून पाय बाहेर काढला. घोटा तोवर आतून फिरला होता.

मग एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशी मी उभी राहिले आणि गाडी उचलायला गेले. उचलायचं तंत्र मला येत होतं, सपाट मैदानावर करून झालं होतं: गाडीकडे पाठ करायची, सीटच्या कडेला टेकायचं, एक हात पूर्ण वळवलेल्या हँडलला, एक हात मागच्या रॅकला, आणि लहान लहान पावलं टाकत मागे रेटायचं, जोर पायांचा, पाठीचा नाही. पण हे चालतं ते गाडी सपाटीवर असेल तर. माझ्या गाडीची चाकं चढाच्या बाजूला वर आणि हँडल उताराकडे खाली होतं, म्हणजे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त उचलावी लागणार. अशा वेळी आधी गाडी जमिनीवरच फिरवून चाकं उताराकडे आणायची असतात, मग उचलायची. मी फिरवायचा प्रयत्न केला. पुढचं चाक धरून ओढलं, मागून ढकललं, पॅनिअर काढून बघू म्हटलं तर खालच्या बाजूच्या पॅनिअरचं कुलूपच गाडीखाली. ती तसूभरही हलली नाही.

फोनला रेंज नव्हती. मी गाडीशेजारी बसून राहिले. किती वेळ ते सांगत नाही, कारण आकडा सांगितला की लोक म्हणतात "एवढाच?"

पुढचे वाट बघून मागे आले. ग्रुपमधला सगळ्यात दणकट माणूस आधी एकटाच भिडला, म्हणाला, "थांब, बाजूला हो." त्याच्याकडून फिरली नाही. दुसरा आला, तिसरा आला, तिघांनी मिळून फिरवली आणि उचलली. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. आणि तरीही, गाडी स्टँडवर लागल्यावर त्याच्याच तोंडून पहिलं वाक्य आलं ते, "जाऊ दे गं, मोठी गाडी आहे, बायकांना अवघडच असते."

मला त्या वाक्याचा राग आजही येतो. घोट्यापेक्षा ते जास्त दुखलं. जी गाडी त्याला एकट्याला हलवता आली नाही, तिच्यावरून त्यानं बाई म्हणून माझी कुवत ठरवली. त्याला काही म्हणाले नाही मी, घोटा सुजत होता आणि बूट घालायचा होता.

तर माझं कारण हे आहे. मी बहुतेक वेळा एकटी फिरते आणि जाते ती अशाच रस्त्यांना. एकटं फिरायचं तर जी गाडी आडवी पडल्यावर मला एकटीला उभी करता येईल तीच माझी गाडी. हा हिशोब पुरुषांनाही लागू आहे, फक्त त्यांना तो कुणी विचारत नाही, आणि बरेच जण ग्रुपनं फिरतात म्हणून त्यांना तो करावाही लागत नाही. माझी एक्सपल्स त्यानंतर पडली नाही असं नाही. चिखलात पडलीये, उतारावर पडलीये, एकदा वाळूत तर अगदी सावकाश आडवी झाली. दर वेळी मी ती फिरवली, उचलली, क्लच लिव्हर वाकली असेल तर हातानं सरळ केली आणि पुढे गेले. मला गाडीकडून हेच हवंय, बाकीचं सगळं नंतर.

यावर हमखास येणारा मुद्दा, "खऱ्या अ‍ॅडव्हेंचरला पॉवर लागते." पूर्वी मी लगेच डकारचा, म्हणजे वाळवंटातून होणाऱ्या त्या लांब पल्ल्याच्या रेसचा, इतिहास काढायचे. पहिली पॅरिस-डकार १९७९ साली सिरिल नव्हूनं जिंकली ती यामाहा एक्सटी ५०० वर, एक सिलिंडर, एअर कूल्ड, साधी गाडी. आणि २०११ पासून तर तिथे मोटरसायकलला ४५० सीसीच्या वर परवानगीच नाही. पण हा मुद्दा मी आता मांडत नाही, कारण तो अर्धाच आहे. मधल्या काळात १९८१ ला ह्युबर्ट ऑरिओल बीएमडब्ल्यूवर जिंकला, १९८६ पासून ओळीनं चार वर्षं होंडाची एनएक्सआर ७५० जिंकली, त्या काही लहान गाड्या नव्हत्या. आणि मुळात त्या लोकांच्या रेसचा माझ्या रस्त्याशी संबंध काय? मला कुणाच्या आधी पोचायचं नाहीये.

साधेपणाबद्दल मात्र मी भांडेन. सुझुकीची डीआर ६५० एसई १९९६ पासून जवळजवळ तशीच बनतेय, हवा आणि ऑइलवर थंड होणारं इंजिन, कार्ब्युरेटर, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, फीलर गेजच्या पट्ट्या आणि पान्यानं घरी सेट करता येतात. लोक तिला जुनाट म्हणतात आणि तिच्यावरून जग फिरून येतात. माझी तेवढी साधी नाही, तिला कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, पुढच्या चाकाला एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. पण इंजिन पाण्यावर थंड होत नाही, म्हणजे दगड लागून फुटायला रेडिएटर नाही, कूलंटचा पाइप नाही, वॉटर पंप नाही. क्लचची जास्तीची केबल मी चालू केबलला चिकटूनच टेपनं बांधून ठेवलीये, चालू तुटली तर फक्त दोन्ही टोकं बदलायची, टाकीसुद्धा काढायला लागत नाही. असल्या गोष्टी केल्या की गाडी माझ्या हातात आहे असं वाटतं, आणि ते वाटणं मला फार महत्त्वाचं आहे.

पंक्चरच्या बाबतीत मोठ्या गाड्या उजव्या आहेत, तिथे वाद नाही. त्यांच्यापैकी बऱ्याच ट्यूबलेस, बाहेरून प्लग खुपसला, हवा भरली, निघाले. माझ्या स्पोकच्या चाकांत ट्यूब, म्हणजे चाक काढा, टायरची कड रिमवरून सोडवा, लिव्हर घाला, आणि परत बसवताना तीच लिव्हर नव्या ट्यूबला चिमटा काढणार नाही ना याची काळजी करा. मागचं चाक असेल तर चेनही आली. भर उन्हात हे करताना मला माझा निर्णय अजिबात आवडत नाही.

आणि हायवे. इथे मी खरंच अडते. एकोणीस हॉर्सपॉवर आहे माझ्याकडे. समोरून वारा आणि पुढे लांबलचक ट्रेलर असला की ओव्हरटेक करायला हातात काहीच शिल्लक नसतं, मुठ आधीच पूर्ण पिळलेली असते. मोठ्या गाडीवाला मुठ नुसती हलवतो आणि धोक्याच्या जागेतून बाहेर पडतो. मागचं चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल, दोन्ही चाकांना एबीएस, क्रूझ कंट्रोल, हे सगळं चैनीचं आहे असं मी कधीच म्हणणार नाही, थकलेल्या माणसाला ते वाचवतं. मी कच्च्या रस्त्यावरची सुरक्षितता निवडली आणि डांबरावरची थोडी सोडली. हा सौदा बरोबर आहे का, ते ज्या दिवशी जसा रस्ता असेल त्यावर ठरतं.

आणि अजून एक जण आहे जिला मी पटवू शकलेली नाही, ती म्हणजे मोठी गाडी घ्यायला निघालेली तेव्हाची मी. तिचं म्हणणं होतं की बाईनं मोठीच घ्यावी, घेऊन दाखवावी, नाहीतर दर वेळी हेच ऐकावं लागेल. तिला मी सांगते की मला दाखवायचं नाहीये, फिरायचंय. ती म्हणते, ठीक आहे, पण मग तुझ्याहून बुटक्या आणि हलक्या बायका जीएस चालवतात त्या काय फक्त दाखवायला? पॅनिअर न लावता गेली असतीस तर? तो रस्ता वर्षभर सराव करून मग घेतला असतास तर? सपाटीवर उचलायला शिकलीस तशी उतारावर फिरवायला का नाही शिकलीस? यातल्या एकाही प्रश्नाला माझ्याकडे तोंड बंद करणारं उत्तर नाही. मी एवढंच म्हणते की त्या खडीत बसल्यावर मला काय हवंय ते कळलं, आणि ती म्हणते की तुला काय नकोय तेवढंच कळलं. दोघींचंही मला खरं वाटतं.

बदलायचीच झाली तर मी जड गाडीकडे जाणार नाही, एवढं नक्की. होंडाच्या सीआरएफ ३०० एलवर डोळा आहे, २८६ सीसी आणि वजन १४२ किलो, म्हणजे पॉवर जास्त आणि वजन माझ्या गाडीहून कमी. सीट मात्र ८८० मिलिमीटर, जीएसपेक्षाही उंच, त्यामुळे उंचीचा मुद्दा काढणाऱ्यांनी जरा विचार करावा.

फक्त एक अडचण त्यानंही सुटत नाही. आईला माझ्या मागे बसून लांब यायचंय, बरेच दिवस म्हणतेय. दोघी, दोघींचं सामान, दिवसभराचा हायवे, तिचे गुडघे आणि ती अरुंद लांबुळकी सीट. त्या प्रवासाला मोठी गाडीच हवी हे मला कळतं. तेवढ्यापुरती परत भाड्यानं घ्यावी का, घेतली तर आईला मागे घेऊन मला ती थांबवताना भीती वाटेल का, की सरळ तिला चारचाकीतून न्यावं आणि तिची नाराजी ऐकून घ्यावी, यावर अजून आमचं बोलणं चालू आहे.