1 मेची फॉलिन

31 मेला मी रिटायर झालो. शाळेतून रिटायर होण्याचं तसं काही नाही, 58 झाले की सगळेच होतात, शाल-नारळ मिळतं, भाषणं होतात. पण एनसीसीचा ट्रूप सुटला ते अजून पोटात कालवतंय, म्हणून हे लिहायला बसलो.

केज तालुक्यातल्या आमच्या शाळेत 29 वर्षं मी ट्रूप सांभाळला. शाळेत एनसीसी बघणारा मास्तर म्हणजे एएनओ, त्याला आधी कामठीच्या अकॅडमीत ट्रेनिंग करावं लागतं आणि परत आला की थर्ड ऑफिसरचा पट्टा लागतो. मानधन म्हणाल तर नावाला. रविवार गेले, दिवाळीच्या सुट्ट्या कॅम्पात गेल्या, घरच्यांनी ते सगळं चालवून घेतलं, आणि मी ते स्वखुशीनं केलं, परत संधी मिळाली तर परत करीन.

वर्षभरात शाळेत कार्यक्रम पुष्कळ. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असायचं तेव्हा मी पोरांना दरवर्षी एक गोष्ट सांगायचो, की एनसीसी सुरू झाली 15 जुलै 1948 ला, तेव्हा आपल्या मराठवाड्यावर निजामाचं राज्य होतं, आपण मोकळे झालो त्यानंतर दोन महिन्यांनी, म्हणजे तुमच्या अंगावरची खाकी आणि तुमच्या गावाचं स्वातंत्र्य जवळजवळ एकाच वयाचे आहेत. पोरं छाती काढून उभी राहायची. त्या दिवशी ट्रूप पूर्ण भरलेला असायचा.

मग दसरा व्हायचा आणि ट्रूप गळायला लागायचा.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, गाड्या भरतात, आई-बाप कोयता घेऊन साखर कारखान्याला ऊस तोडायला जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं तर कुणी पार कर्नाटकात, आणि घरी आजी नसली, हंगामी वसतिगृहात सोय झाली नाही की लेकरूही सोबत जातं, धाकट्याला सांभाळायला नाहीतर वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, बांधायला. एनसीसी दिन येतो नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी, तोवर आमची निम्मी लाईन उसाच्या फडावर गेलेली असायची. तीन लाईनी पूर्ण भरत नसल्या की डावीकडून दुसऱ्या फाईलमध्ये, म्हणजे एकामागं एक तिघांच्या ओळीत, जागा मोकळी ठेवायची असा ड्रिलचा नियम आहे, तिला ब्लँक फाईल म्हणतात. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ती दिसतही नाही, मला मात्र 29 वर्षं ती जागाच आधी दिसायची.

गेलेल्या पोरांचे बूट स्टोअरमध्ये राहायचे. प्रत्येक जोडीत रद्दी कोंबून, वर नावाची चिठ्ठी खोचून, मी ते मांडणीवर ओळीनं लावून ठेवायचो, दुसऱ्या कुणाला द्यायचो नाही. एप्रिलमध्ये पोरगं परत यायचं, बूट घालून बघायचं आणि पाय आत जायचाच नाही, पाच-सहा महिन्यांत पाय एका नंबरानं वाढलेला. टाचेला भेगा, तळव्याला उसाच्या बुडख्यांनी कापलेलं. अशा पायांना मोठ्या नंबरचा बूट हुडकून देणं हे माझं दरवर्षीचं काम.

आणि खरं दुःख हजेरीचं. ‘ए’ सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायचं तर परेडची 75 टक्के हजेरी लागते. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, पण जे लेकरू ड्रिलमध्ये सगळ्यात चांगलं, फायरिंगमध्ये पाचही गोळ्यांचा ग्रुप एका रुपयाच्या नाण्याखाली झाकणारं, तेच नेमकं परीक्षेला नसायचं. अशी कितीतरी नावं मला अजून पाठ आहेत.

आमचा आजी-माजी कॅडेटांचा 1 मेचा मेळावा यातूनच सुरू झाला. माझी सुरुवातीची वर्षं होती, 1 मेला झेंडावंदन आणि निकाल, मी पत्रकं वाटत होतो आणि नववीचा एक पोरगा व्हरांड्यात येऊन उभा राहिला, आदल्या रात्रीच कारखान्यावरून आलेला, उन्हानं काळाठिक्कर पडलेला. त्याच्याकडं बेल्ट जमा करायचा राहिला होता. त्यानं पिशवीतून काढला तर पितळी बक्कल असं चमकत होतं की बटालियनच्या उस्तादांनी पण बघत राहावं. म्हणाला, “सर, ब्रासो नव्हता तिथं, चुलीच्या राखेनं घासायचो रोज.” आणि मग विचारलं, “परेड कधी आहे?”

परेड आता जूनमध्ये, असं त्याला सांगायला तोंड उघडलं पण शब्द फुटेना. मी शिपायाला म्हणलं स्टोअर उघड, आणि संध्याकाळी पाच वाजता शिट्टी मारली. त्या वर्षीचे अकरा जण आले, कुणाच्या पायात बूट, कुणाच्या चपला. तासभर परेड केली, नंतर बायकोनं घरून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी पाठवली, एनसीसीचं रिफ्रेशमेंट म्हणून. पुढच्या वर्षी मी बोलवायच्या आधीच पोरं हजर! मग जुने यायला लागले, लग्नसराईसाठी सुट्टीवर आलेले फौजी, पोलीस भरतीत लागलेले, पुण्याला कंपनीत असलेले, आणि फडावरून परतलेले तर सगळेच, कारण पट्टा पडलेला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपलेला असतो, हातात चार पैसे असतात, माणूस गावात असतो. एनसीसी दिनाला मेळावा का घेत नाही असं मला लोक विचारायचे. ज्यांच्यासाठी घ्यायचा तेच तेव्हा नसतात, मग कुणासाठी घ्यायचा?

मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन, त्यामुळं सगळं संध्याकाळी. सहाला फॉलिन, म्हणजे सगळ्यांनी लाईनीत उभं राहायचं, अर्धा तास ड्रिल, मग ज्याला बोलायचंय त्यानं बोलायचं, मग पंगत. येसर आमटी आणि भाकरी ठरलेली, गोडात बुंदी. येसर मसाला दरवर्षी एकाच कॅडेटच्या आईच्या हातचा, तिचं पोरगं दहावी होऊन किती वर्षं झाली तरी ती माउली 30 एप्रिलला डबा आणून द्यायची, “सर, औंदा तिखट जास्ती झालंय बघा.”

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, आमच्याकडंही हाल वेगळे नव्हते. मी मेळावा रद्द करतो म्हणलं तर जुन्या कॅडेटांनी ऐकलं नाही, टँकर आणला, आधी गल्लीतल्या बायांच्या घागरी भरल्या आणि उरलेल्या पाण्यावर आमटी शिजली. 2020 ला मात्र झाला नाही. लॉकडाऊनमध्ये लोक कारखान्यांवरच अडकले होते, परत आले ते आले आणि गावाबाहेर शाळांमध्ये राहिले. त्या 1 मेला संध्याकाळी सहाला माझा फोन वाजायला लागला तो रात्री दहापर्यंत वाजतच होता. फोनवर काय बोलणार, “जय हिंद सर, हजर आहे” एवढंच.

मेळाव्याचा शेवट ठरलेला, विसर्जन मी द्यायचो. आठवीच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो आपण, लाईन तोड म्हणजे थोडा वेळ मोकळे व्हा, शिट्टी झाली की परत याच जागी, आणि विसर्जन म्हणजे परेड संपली, घरी जा. जेवणं झाली की परत फॉलिन, मग विसर्जन, दहिने मुडून सॅल्यूट, आणि मैदान रिकामं.

यंदाचा माझा शेवटचा. कमांड द्यायला आमच्या ट्रूपची एक मुलगी, आता पोलिसात आहे. नववीत तिचं लग्न ठरवायला लागले होते, हंगामी वसतिगृहाच्या बाई आणि मी दोनदा घरी जाऊन बसलो होतो, आणि तिच्या आजीनं शब्द राखला. तिचा आवाज मैदानाच्या कोपऱ्यापर्यंत जातो. “गिनती कर!” म्हणली आणि पहिली लाईन मोजत गेली, गिनती एक्केचाळीसवर थांबली. माझ्या आयुष्यात एवढी मोठी लाईन मी उभी केली नव्हती. राखेनं बक्कल घासणारा पहिल्या लाईनीत होता. त्याला ‘ए’ सर्टिफिकेट कधीच मिळालं नाही, अजून कोयत्यावर जातो, कमरेत वाकलाय थोडा. त्याचं पोरगं यंदा आठवीत ट्रूपला आहे, ते मागच्या लाईनीत उभं होतं.

पंगत उठली, परत फॉलिन झाली. पोरगी तेज चालत आली, सॅल्यूट केला, म्हणली, “श्रीमान, विसर्जन की अनुमती चाहती हूं.” मी पुढं गेलो, स्क्वॉड सावधान केला, आणि तो शब्द काही तोंडातून येईना. पोरं सावधानमध्ये ताठ, कुणी हलत नाही, मास्तर बोलेपर्यंत हलायचं नाही हे मीच शिकवलेलं.

शेवटी मी आवाज दिला, “लाईन तोड!”

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग राखवाला हसला, आणि लाईन तुटली तरी मैदानावरून घरी कुणी गेलंच नाही.