फिट सर्टिफिकेट, कबड्डी आणि कोरा

मी फिजिओ आहे, आणि आजची केस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. पेशंट सोळा वर्षांची, कबड्डीतली रेडर, एसीएलचं (गुडघ्यातल्या लिगामेंटचं) ऑपरेशन होऊन दहावा महिना. लोकांना वाटतं ऑपरेशन झालं की सुटलो, पण मांडीचा पुढचा स्नायू बघता बघता वाळतो आणि तो परत आणायला महिनोन्महिने जातात, काम इतकं कंटाळवाणं की निम्मी पोरं नीट चालायला लागली की गायबच होतात. ही नाही झाली.

आज हॉप टेस्ट होती. एका पायावर उडी, त्याच पायावर उतरायचं, टेपनं अंतर मोजायचं, दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के तरी यायला हवं. हिचे 94 आले. कोच सर बाहेर सर्टिफिकेटसाठी ताटकळत, सिलेक्शन तोंडावर. पण उतरताना गुडघा वाकतच नव्हता, बांबूसारखा ताठ, आणि अंगाचा सगळा तोल चांगल्या पायाच्या बाजूला. "भीती वाटते का गं?" "नाही मॅडम, ओके आहे." भीतीची प्रश्नावली असते आमच्याकडे, ती हिनं आईच्या शेजारी बसून भरलेली, सगळीकडे फुल मार्क, म्हणजे भीती अजिबात नाही!

आईला बाहेर बसवलं तेव्हा पोरगी म्हणाली, मॅडम तुम्ही 'द लेजंड ऑफ कोरा' बघितलंय? बघितलंय की, अ‍ॅनिमेशन मालिका आहे. 2012 ला सुरू झालं तेव्हा त्यातली नायिका, लढवय्यी कोरा सतरा वर्षांची, हट्टी, तापट, आधी हात चालवणार मग डोकं. तिसऱ्या सीझनच्या शेवटी तिला पाऱ्याचं विष देतात, ती व्हीलचेअरवर येते. चौथ्या सीझनमध्ये (2014) तिची रिकव्हरी आहे आणि आमच्या धंद्यातल्या माणसानं बघावी अशी आहे, कारण तिच्यावर उपचार करणारी म्हातारी कटारा तिच्याकडून आधी फक्त पायाचा अंगठा हलवून घेते, आणि कोरा चिडते, वैतागते. शरीर बरं होतं तरी लढाईत समोर साखळ्या लटकणारी ती स्वतःच दिसते आणि हात थांबतात. घरी पत्रं मात्र रिपब्लिक सिटीत सगळं ठीक असल्याची! वडील त्या शहरात पोचतात तेव्हा कळतं की पोरगी तिथे आलेलीच नाही.

"मला पण तसंच होतं, रेडला आत शिरायचं डोळ्यासमोर आणलं तरी. आईला सांगते सगळं जमतंय."

मला कोरा आवडते ती याचसाठी. शूर म्हणून मिरवलेली पोरगी घाबरते, खोटं बोलते, आणि परत आल्यावरही शत्रू कुविराकडून मार खाते, एका गाण्यात फिट होऊन मैदानात उतरत नाही.

सर्टिफिकेट दिलं नाही. सर म्हणाले, "94 आलेत ना, मग अडवताय कशाला?" कोच लोकांना आकडा दिसला की पुढचं ऐकूच येत नाही. उद्यापासून बुटक्या स्टुलावरून उतरायला शिकवणार, दोन्ही पायांवर आधी. आईशी ती स्वतः बोलणार म्हणालीये, बघू. आणि आता जुन्या फाईली काढून बसलेय, आईवडिलांच्या शेजारी बसून फॉर्म भरून गेलेल्या बाकीच्या पोरींच्या.