वीरगळ खालून वर वाचायचा

आज एका देवळाच्या आवारात पुन्हा तेच: वीरगळाला, म्हणजे लढताना पडलेल्या वीराची कथा चौकटीचौकटींत कोरलेल्या स्मारकशिळेला, चकचकीत ऑइलपेंट. भक्तीनेच लावलेला, पण आत मुरलेलं पाणी कोंडतं, क्षार फुगतात आणि नक्षीचे पापुद्रे सुटतात. त्यात नवी फरशी घालताना तळाची चौकट गाडलेली, म्हणजे नेमकी लढाईच गेली! तिथे आडवा पडलेला वीर असतो. शेजारी गायी दिसल्या तर गडी गोधन राखताना पडला. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला नेतात, त्यावर शिवपिंडीची पूजा, माथ्याला चंद्रसूर्य. नाव बहुतेकदा कोरलेलंच नसतं. धूळ काढायला मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरे. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड अजिबात नको. फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, झिजलेली तलवारही उठून दिसते.